पेनांगच्या बाजारात बाबा हरवले

हाय सगळ्यांना, मी इंग्लंडमधल्या स्लाऊची मुक्ता. मी इथे नुसते लाईक देते, पोस्ट कधीच टाकत नाही. पण आजचं सांगितल्याशिवाय राहवेना.

आम्ही क्रूझवर आहोत. आज बोट मलेशियात पेनांगला थांबली. नुसतं उकडत होतं. बोटीवर परतायची वेळ झाली आणि बाजारात बघतो तर बाबा गायब! त्यांचा फोन आईच्या पर्समध्ये, आणि आईचा घसा काल कॅराओकेत बसलेला.

ती कशीबशी कुजबुजली, "मुक्ता, हाक मार गं! बोट निघून जाईल आपली."

मी? सगळ्यांसमोर बोलायला लागतं म्हणून शाळा सोडलेली मुलगी आहे मी. पिझ्झासुद्धा ॲपवरूनच मागवते.

मी "बाबा" म्हटलं. पायाशी बसलेल्या मांजरानंसुद्धा वळून बघितलं नाही.

मग काय सुचलं देव जाणे. डोळे घट्ट मिटले आणि जीव खाऊन ओरडले, "गणपती बाप्पाऽऽ!"

समोरच्या दुकानातून लगेच आवाज आला, "मोरया!"

बाबाच! दोन्ही हातांत जायफळाच्या सरबताचे ग्लास. त्यांच्या मागून अजून एक "मोरया!" आमच्याच बोटीवरचे नागपूरचे काका. त्यांची बायको त्यांना पलीकडच्या गल्लीत शोधत होती.

आणि घरी रोज "जरा मोठ्यानं बोल गं" म्हणणारे माझे बाबा काय म्हणाले?

"अगं हळू! लोक बघतायत."

बोट मिळाली एकदाची. तुमच्याकडचे बाबा हरवले तर तुम्ही काय ओरडता?