होटगीचा ऊस, मधला कांदा आणि माझा निकाल

थंड हवेच्या ठिकाणांची वर्णने वाचून गारठलेल्या वाचकांना या खेपेला होटगीला नेतो. सोलापूरहून गाडीने इतके जवळ, की तंबाखू मळून होते न होते तोच उतरावे लागते.

निमित्त सिद्रामचे. हा आमच्याकडे दर हंगामात गूळ घालणारा शेतकरी. भाद्रपदात एका सकाळी आला आणि म्हणाला, उभा ऊस पिवळा पडतोय, मुळाशी हुमणीची अळी लागलीय, पोथ्या वाचणाऱ्या माणसाने एकदा येऊन पाहावे. शेतीवरची एक संस्कृत पोथी मजजवळ आहे. किडीला धुरी द्यावी, असे ती सांगते. कीड जमिनीखाली असल्यास काय करावे, याविषयी ग्रंथकार मौन पाळतो. तरी निघालो. शेतीतले काही मला आजवर कुणी विचारले नव्हते.

सोलापुरात सात रस्त्यावरून स्टेशनपर्यंत टांगेवाला दोन आणे घेतो. घोड्याच्या तक्रारी फुकट ऐकवतो. होटगीपासून पुढे दीड कोस पायी. काळी माती ओली असेल तर जोडे हातात घ्यावेत. मी पायात ठेवले. पोचेपर्यंत प्रत्येक जोडा शेरभर वजनाचा झाला होता.

विहिरीवर मोट, मोटेच्या पाण्यावर बिघाभर ऊस. सरीत ऊस आणि वरंब्याच्या बगलेला कांदा. इकडे उसातले मधले पीक घरधनिणीचे. पुरुषाने त्याला हात लावायचा नाही, असा रिवाज आहे. सिद्रामच्या बायकोने, गौराबाईने, या कांद्यावर एक शेळी घेण्याचे ठरवले होते. तिची स्वतःची पहिली. कांदे अजून सुपारीएवढेच होते.

भाकरी, शेंगांची चटणी आणि घट्ट दही, असे जेवण झाले. हात धुताना सिद्राम जवळ सरकला. त्याचे म्हणणे, कांद्याला वरचेवर पाणी लागते, त्या ओलीनेच हुमणी आली. उरलेला ऊस वाचवायचा तर कांदे उपटलेच पाहिजेत.

“तुमीच तसं सांगा की, शास्त्रीबुवा. माजं ती ऐकायची न्हाय.”

विद्येची गरज कशाला पडली होती, ते आता उमगले. पण पोट भरले होते आणि मान मिळाला होता. मी गंभीरपणे डोके हलवू लागलो.

“मान मागनं हलवा,” भांडी घासता घासता गौराबाई म्हणाली. “आदी खणून तरी बगा.”

कुदळ तिनेच घेतली. कांद्याच्या वरंब्यात तीन ठिकाणी खणले. एक अळी निघाली. मग ती आम्हाला बांधाकडच्या पट्ट्यात घेऊन गेली. तिथे सिद्रामने तिला कांदा लावू दिला नव्हता. ती त्याची खास जागा. तिथे उसाच्या प्रत्येक बेटाखाली अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या. मागोमाग आलेल्या कोंबड्यांनी कुणाचे मत न विचारता कामाला सुरुवात केली.

“हितं कुटं हाय कांदा?” तिने नवऱ्याला विचारले.

“तितनं सरकली आसंल.”

“सरकताना शेणबी घिऊन आली व्हय?”

मातीत न कुजलेले शेण होते, आतले काड जसेच्या तसे. सगळे जण उकिरड्यात वर्षभर मुरवून मगच खत घालतात. सिद्रामला वाटले, ताज्यात जोर जास्त. म्हणून लाडक्या पट्ट्याला त्याने कच्चेच घातले. कच्च्या शेणाला भुंगे येतात आणि त्यांचीच पुढे हुमणी होते, हे गौराबाईने तेव्हाच सांगितले होते म्हणे.

कांदे राहिले. उरलेली दुपार सिद्राम अळ्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकत होता. स्टेशनावर पोचवायला आला तेव्हा त्याने हळूच विनवले, की कुठे लिहिलेच तर शेणाचे तेवढे गाळावे. मी त्याचे आडनाव गाळले आहे.

घरी येऊन हिशेब केला, तर पोथीतले एक अक्षर उपयोगी पडले नव्हते. कुणीतरी आपल्याला विचारले या एवढ्याच आनंदात मी एका बाईची शेळी घालवणारच होतो. जमीन न पाहता, दह्याच्या वाटीवर. डोके अर्धे हलले होते. ते तिथेच थांबवता आले, एवढेच त्या दिवसातले माझे पांडित्य.