चपट्या फौजेचा जनरल

आमचा जनरल गाडी रिव्हर्स घेत नसे. येत नव्हती असं नाही; माघार या कल्पनेशीच त्याचं वैर होतं. अमेरिकेत, वेस्ट विंडसरला स्टेशनच्या पार्किंगमध्ये, सरळ शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा मिळेपर्यंत हा घिरट्या घाली, आणि मी शेजारी बसून न्यूयॉर्कची गाडी डोळ्यांदेखत सुटताना पाही. "पुढची पकडू," तो शांतपणे म्हणे. "मागे मात्र जायचं नाही."

जनरल म्हणजे पुण्याचा साधा प्रोग्रॅमर. लहानपणी रद्दीवाल्याकडे त्याला जुनी अमेरिकन कॉमिक्स मिळत. त्यातल्या गोष्टी तो केव्हाच विसरला, पण मागच्या पानावरची जाहिरात तोंडपाठ! पेटीभर सैनिक, रणगाडे, तोफा, सगळं टपालाने घरपोच. चित्रात तर अख्खं महायुद्ध पेटलेलं. आणि कूपनच्या खाली बारीक अक्षरांत: फक्त अमेरिकेत.

"तेव्हाच ठरवलं," तो सांगे, "ते इकडे पाठवत नाहीत ना? मग आपण तिकडे जाऊ." बाकीचे एच-वन व्हिसावर नोकरी करायला आले, हा पठ्ठ्या फौज ताब्यात घ्यायला आला होता.

इंटरनेटवरच्या जुन्या खेळण्यांच्या लिलावांत तो पुनःपुन्हा हरला. दरवेळी कुणीतरी शेवटच्या क्षणी पेटी पळवी. अखेर २००५च्या दिवाळीच्या तोंडावर ती दारात आली. गॅरेजमध्ये त्याचा मातीचा किल्ला तयार होता. बाहेरच्या थंडीत अळीव उगवत नाहीत, म्हणून दरवर्षी किल्ला गॅरेजमध्ये, हीटरशेजारी. "यंदा बुरुजांवर नवी फौज!" त्याने जाहीर केलं होतं. आम्ही सगळे गोळा झालो. त्याने पेटी उघडली.

सैनिक नखाएवढे आणि पापडासारखे चपटे. समोरून शिपाई, बाजूने नुसती रेघ. फरशीवर ठेवला की आडवा.

"बाबा, दे आर फ्लॅट!" मुलगी म्हणाली. वहिनींनी मला कोपराने ढोसलं, काहीतरी बोला म्हणून. तोवर जनरलने एक शिपाई उचलला, समोरून पाहिला, बाजूने पाहिला.

"अरे, बाजूने शत्रूला दिसणारच नाहीत!" तो म्हणाला. "हाच तर गनिमी कावा!" आणि त्याने तो शिपाई बुरुजाच्या ओल्या मातीत खोचला. अळिवाच्या रानात ताठ उभा राहिला गडी! मग एकेक करत अख्खी फौज उभी राहिली.

२००८मध्ये त्याची नोकरी गेली, त्यामागोमाग व्हिसाही. मंडळी पुण्याला परत निघाली. विमानतळावर मी डिवचलं, "काय जनरल, माघार?"

"फौज घेऊन निघतात त्याला स्वारी म्हणतात," तो म्हणाला. पेटी अर्थातच हातात. सैन्य सामानात टाकायचं नसतं.

तपासणीला पांढऱ्या केसांच्या एका अधिकाऱ्याने ती उघडायला लावली आणि तो थबकलाच. मी दोरीच्या अलीकडून पाहतोय: त्याच्या चिमटीत शिपाई, दोघं बोलताहेत, मागे रांग खोळंबलेली. पाच मिनिटांनी जनरलचा फोन आला.

"अरे, त्यानेही लहानपणी कूपन भरून मागवले होते! पेटी उघडली आणि रडला म्हणे. उभेच राहीनात."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, फौज बरोबर होती, साहेब. तुम्ही किल्ला केला नव्हता."