गंजावरची कॅप्सूल

दवाखान्यात औषधांच्या बाटल्या रिकाम्या होत जातात, किस्से मात्र साठत जातात! सत्तरच्या दशकात सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या मल्लप्पा फिटरचे.

मल्लप्पा रेल्वेतून रिटायर झालेले. बायकोला, निलव्वांना, दिसणं फार कमी झालेलं. मल्लप्पांचं मागणं एकच, "डॉक्टर, हिच्यापरीस मला एक दिस जास्त जगवा. माझ्या माघारी हिचा हात कोन धरंल?"

*

डॉक्टर नुकतेच मुंबईची कॉन्फरन्स करून आले होते. जो येईल त्याला ऐकवायचे, "ऑक्सिजनमुळं शरीरसुद्धा गंजतं. तो गंज रोखतात ती अँटिऑक्सिडंट!"

"गंज? म्हंजे आमच्याच खात्यातलं काम की!" मल्लप्पा खूश झाले. मग जरा विचार करून म्हणाले, "पर डॉक्टर, मग श्वास घिऊ का नको?"

*

डॉक्टरांनी त्यांना ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दिल्या. आठवड्यानं विचारलं, "काय, गुण आला का?"

"लई! गुडघ्याची कुरकुर थांबली."

"इतक्यात? कशा घेतल्या?"

"टाचणीनं फोडून सांध्यावर चोळल्या. गिरीस कुनी गिळतं व्हय?"

*

मग डॉक्टरांनी खाण्याची यादीच सांगितली. आवळा, शेंगदाणे, करडईचं तेल, पालेभाजी.

निलव्वांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हे तर आमी जलमभर खातोय की. मग म्हातारं कशानं झालो?"

पेशंटला हाक मारायचं काम माझं; त्या दिवशी पहिल्यांदाच डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला स्वतः हाक मारली!

*

"तुमी सोता घेता का ह्या कॅप्सूल?" मल्लप्पांनी एकदा विचारलं.

"रोज!"

मल्लप्पांनी डॉक्टरांच्या पांढऱ्याशुभ्र केसांकडं पाहिलं, आणि कॅप्सूलची पुडी हळूच टेबलावर परत ठेवली.

*

आता तो दवाखाना नाही, डॉक्टरही नाहीत. पण ही एक आठवण अजून जशीच्या तशी आहे.

मल्लप्पा बाहेर कुणाशी तरी बोलत उभे होते. तेवढ्यात निलव्वा डॉक्टरांना म्हणाल्या, "बाया सवाष्ण जायला नवस करतात. मी उलटं मागते. मला ह्यांच्या मागं ठिवा. मीठ कुठल्या डब्यात हाय, तेबी ह्यांना ठावं न्हाय."

डॉक्टरांनी कॅप्सूलची बाटली पुढं ओढली. मग त्यांनी मल्लप्पांना आत बोलावलं. "आता दोघांनी एकेक कॅप्सूल. रोज, एकाच वेळी. मागंपुढं अजिबात चालणार नाही!"

"घरात घड्याळ न्हाय."

"मग गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की घ्यायची."

पुढं चार दिवसांनी मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. ऊन चांगलं वर आलेलं. दोघं ओट्यावर बसलेले. तळहातावर एकेक कॅप्सूल, शेजारी पाण्याचा तांब्या.

"अजून घेतली नाही?"

"भोंगा कुटं झालाय अजून?" मल्लप्पा वैतागून म्हणाले.

"अहो, आज गिरणीला सुट्टी आहे!"

मल्लप्पांनी तळहातावरच्या कॅप्सूलकडं पाहिलं. निलव्वांनी चाचपत त्यांचा हात धरला.

"असू द्या. उद्या हुईल की भोंगा. थांबू. आपुन दोघंबी हाय न्हवं!"