वाचनालयातलं लिनक्स

त्या वर्षी माझे मित्र एकेक करून पुण्याला नोकरीला गेले आणि मी सांगली सोडून साताऱ्यातल्या एका वाचनालयात कॉम्प्युटर सांभाळायला आलो. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी तिथल्या जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स चढवलं. फुकट, सगळ्यांचं, कुणाच्या बापाची मालकी नाही, या कल्पनेनंच मी हुरळून गेलो होतो. कोणत्या दाखल्याला कोणते कागद लागतात, कुठल्या कचेरीत जायचं, ही सगळी माहिती मी त्यात भरली. पाटणहून आलेल्या माणसाला हेलपाटा पडू नये, हा हेतू. शिवाय या निमित्तानं कुणी शेजारी बसेल, चार शब्द बोलेल, असंही वाटत होतं.

कुणीही बसलं नाही. पडदा काळा. मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी लिपीत लिहिलेला. तो वाचताना माझीच जीभ अडखळायची. टाइप करताना एक अक्षर चुकलं की मशीन इंग्रजीत नकार देऊन गप्प. मला ते सोपं वाटायचं. मला वाटणारच.

वाचनालय बंद करायचं काम एका निवृत्त सुभेदारांकडे होतं. शेवटी निघणाऱ्यानं मेन स्विच पाडायचा, ही त्यांची पलटणीतली शिस्त. मशीन आधी रीतसर बंद करावं लागतं, नाहीतर आतली डिस्क बिघडते, हे मी त्यांना सांगून थकलो.

"पंखा बंद कराय बी त्याची परवानगी घ्यायची व्हय रं?" ते विचारत.

एका सकाळी मशीन सुरूच होईना. डिस्क तपासता तपासता अडकलं. मी रडकुंडीला आलो. विचारायला अख्ख्या साताऱ्यात कुणी नाही. तेवढ्यात पाटणची एक बाई आली.

"आवं, थोरलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागतं?"

मी घडाघडा सांगितलं.

"लय बरं झालं. मागं धाकटीचं बी तुमीच सांगितलं व्हतं," म्हणत ती निघाली. पडद्याकडे तिनं पाहिलंही नाही.

दुपारी सुभेदार आले. मशीन बिघडलंय, मी म्हणालो.

"कवापासनं?"

"सकाळपासून."

"मग कुणाचं काय आडलं?"

ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. माझं अडलं होतं.