मागच्या बाकावरून एकच गोष्ट

मोठ्या बाईंचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. शिक्षण खात्याचे साहेबसुद्धा त्यांच्या तोंडी लागत नसत. त्यांच्या शाळेच्या भिंतीपलीकडे दुसरी शाळा होती; तिथल्या मुख्याध्यापिकेला त्या 'धाकटी' म्हणत. नातं काही नव्हतं, पण हाक अशी मारत की नातं असल्यासारखं वाटावं.

धाकटीच्या हाती शाळा आली, तेव्हा तिथे सगळा आनंदीआनंद होता. शिक्षक एकमेकांचं तोंड पाहत नसत, चौथीतली मुलं वाचताना अडखळत आणि धाकटी ऑफिसचं दार लावून रडत बसे. एक दिवस मोठ्या बाई भिंतीला वळसा घालून आल्या आणि तिच्या वर्गात मागच्या बाकावर अंग चोरून बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "तू फळ्याशी बोलतेस. मुलांना फक्त तुझी पाठ दिसते."

"आणखी काही, बाई?"

"एकच सांगायचं आणि खरं सांगायचं. जास्त सांगितलं की माणूस काहीच करत नाही."

पुढे दोन्ही शाळांचे शिक्षक एकमेकांच्या मागच्या बाकांवर बसू लागले. आधी कुरकुर झाली. पाळत ठेवताय का, असं जुन्या मंडळींनी तोंडावर विचारलं. तेव्हा बाईंनी पहिली मान स्वतःची पुढे केली. धाकटीच्या शाळेतल्या सगळ्यात नवख्या मास्तरांना आपल्या वर्गात बसवलं. ते बिचारे त त प प करत म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार मुलांनाच प्रश्न विचारता." बाई लालबुंद झाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गप्प बसणाऱ्या मुलांना बोलतं केलं. शाळा कशी चालवायची, हे धाकटी त्या एका दिवशी शिकली. दोन्ही शाळांचं त्यानंतर हळूहळू भलं झालं.

आणि मग एक दिवस बाईंचा निरोप आला, "दुपारी माझ्या वर्गात येऊन बस." त्या दिवशी धाकटीची बसायची पाळी नव्हती. तरी ती गेली.

बाई अपूर्णांक शिकवत होत्या. कागदाची घडी घालून चार सारखे तुकडे केले, दुसऱ्या कागदाचे तीन. "कोणता तुकडा मोठा?" पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठून म्हणाली, "चौथा भाग. चार मोठे ना तिनापेक्षा!" बाईंचे डोळे चमकले. चुकीचं उत्तर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून दाखवले आणि अख्खा वर्ग "अरेच्चा!" म्हणाला. तास रंगला होता. धाकटी मनातल्या मनात वाहवा करत होती.

तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीकडे गेलं. टोपली अशाच तुकड्यांनी काठोकाठ भरली होती. शेजारची मुलगी तिच्या कानाशी लागली. "सकाळी पण हेच शिकवलं. काल पण. बाईंना सांगू नका हं. ती वेण्यांवाली मुद्दाम चुकते. बाईंना आवडतं ना, म्हणून आम्ही ठरवलंय."

धाकटीने पुन्हा एकदा टोपलीकडे पाहिलं.

शाळा सुटल्यावर ऑफिसात बाईंनी चहा पुढे सरकवला. "हं, बोल. एकच."

"फळ्यावरचं अक्षर जरा मोठं काढा. मागून दिसत नाही."

"अक्षराचं ऐकायला बोलावलं का तुला? काहीतरी चुकतंय माझं. मुलं गप्प, माझे शिक्षक गप्प. म्हटलं, निदान धाकटी तरी तोंड उघडेल."

धाकटीला रडू फुटलं. ज्यांनी खरं बोलायला शिकवलं, त्यांच्यावरच ते वापरायची वेळ यावी! "बाई, हा धडा सकाळी झालाय. कालही झालाय. मुलं पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे पोरांचं वर्ष वाया चाललंय," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी. मला सांभाळून घेताहेत गं, माझी लेकरं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "उद्यापासून हा वर्ग तुझ्या त्या नवख्या मास्तरांना दे. मी घरी बसते. बरं केलंस सांगितलंस. तुझ्याशिवाय कुणाची छाती झाली नसती."

दोघी फाटकापर्यंत बरोबर चालत गेल्या. बाईंनी धाकटीचा हात घट्ट धरला होता. धाकटीला वाटलं, अवघड होतं ते एकदाचं पार पडलं. आता दुःख आहे, पण दोघींचं मिळून आहे.

फाटकाशी बाई थांबल्या. पर्स खांद्यावर सारखी केली आणि नेहमीसारख्या हसल्या.

"अगं, बरी भेटलीस. तुला निरोपच धाडणार होते. पाळी नसली तरी एकदा माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून जा. हल्ली काहीतरी चुकतंय माझं, कुणी बोलत नाही. तू खरं सांगशील."

मघाचं सगळं आपल्या एकटीपाशीच उरलंय, हे धाकटीला कळलं.

"येते बाई," ती म्हणाली. "उद्याच येते."