कोरी उदबत्ती

खंडेनवमीला आमच्या नव्या डेटा सेंटरमध्ये पूजा झाली. सर्व्हर अजून यायचे होते, म्हणून वायरमन कदमांनी सर्व्हरच्या रिकाम्या कपाटांनाच झेंडूची माळ घातली आणि समोर उदबत्ती खोचली, न पेटवताच.

"पेटवा की," मी म्हटलं.

"धुराचा अलार्म चालू झालाय, साहेब. बोंबलत सुटेल." आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

इथला आराखडा माझा. काय काय बंद पडेल, याचा आधीच विचार करणं हेच माझं काम. म्हणून वीज दोन वाटांनी येते, एका एसीशेजारी दुसरा उभा असतो, त्यामागे बॅटऱ्या, जनरेटर.

आईला फुफ्फुसं दोन होतीच की. दोन्ही बरोबरच थकली. डॉक्टर आता काही सुचवतसुद्धा नाहीत.

संध्याकाळी घरी आलो. तिच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. त्याच्याजवळ विस्तव नको, म्हणून खोलीतल्या देवापुढची उदबत्ती हल्ली कोरीच असते.

"उदबत्ती लावलीस का रे?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"लावली."

"मग आता मला वास येणंही गेलं म्हणायचं," ती म्हणाली.