बेपत्ता सदस्य आणि धारेची वेळ

ते प्रकरण निघालं की आमच्या घरी अजून हशा पिकतो, आणि सगळ्यांत जास्त मीच हसतो. पोलीस खात्यात हसायचे प्रसंग कमी, म्हणून असले जपून ठेवायचे असतात.

तेव्हा मी निपाणी भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्या गावात ग्रामपंचायतीला सगळे 'सरकार'च म्हणायचे, आणि ते सरकार अल्पमतात होतं. अध्यक्षपद, म्हणजे महाराष्ट्रातलं सरपंचपद, राखीव होतं, तिथं एक तरुण मुलगी बसली होती. आजी-आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबलेले, ही बी.एड. झालेली, बोलायला मऊ आणि कामाला कडक. तिच्या बाजूचे सदस्य थोडे. बाकीचे दोन मोठ्या गटांत वाटलेले, आणि ते दोन गट एका टपरीवर चहासुद्धा प्यायचे नाहीत. त्यांचं भांडण जोरात होतं तोवर सरकार सुखानं चाललं. मग एका लग्नाच्या पंगतीत दोन्ही गटांचे पुढारी शेजारी-शेजारी बसले आणि एकमेकांच्या पानात जिलेबी वाढू लागले. मी बंदोबस्ताला होतो. हवालदाराला तिथंच म्हटलं, "पोरीच्या खुर्चीचं काही खरं नाही."

झालंही तसंच. अविश्वासाची नोटीस गेली, प्रांतसाहेबांनी सभा लावली. ठराव पास व्हायला जेवढे हात लागत होते, त्यात एकच कमी पडत होता. तो हात आक्कांचा. आक्का म्हणजे कुठल्याच गटात नसलेल्या, पन्नाशीतल्या सदस्य. नवरा, सासू आणि एक म्हैस असा त्यांचा संसार. सासू-सुनेचं भांडण गावाला घड्याळासारखं उपयोगी पडायचं.

नोटीस निघाली की सदस्यांना ट्रिपला न्यायची आमच्याकडं रीतच आहे. बेंगळुरात आमदारांना रिसॉर्ट, आमच्याकडं सदस्यांना टेम्पो ट्रॅव्हलर आणि कोकण. सगळ्यांचे फोन एकाच्या पिशवीत, आणि सभेच्या दिवशी गाडी थेट पंचायतीच्या दारात. नव्या युतीचे म्होरके होते अण्णा. त्यांनी आक्कांनाही गाडीत घातलं, आणि त्या बिथरू नयेत म्हणून नवऱ्यालाही सोबत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच अण्णा आणि आक्कांचा नवरा आत आले.

"साहेब, आमच्या सदस्याला पळवून नेली! लोकशाहीचा खून झालाय!" अण्णा ओरडले.

"आधी बसा. खून झालाय का पळवून नेलंय, एक काय ते ठरवा," मी म्हणालो. सकाळी चहाच्या आधी कुणी ओरडलेलं मला खपत नाही.

आदल्या दिवशी कोकणच्या वाटेवर आजऱ्याजवळ गाडी चहाला थांबली होती. आक्का जरा बाजूला जाऊन येते म्हणाल्या, त्या परत आल्याच नाहीत. फोन अण्णांच्या माणसाच्या पिशवीत. सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत शोधलं, मग मंडळी अण्णांच्या मळ्यातल्या घरी येऊन पडली. नवरा बिचारा तिथूनच उठून आला होता. आईला काय तोंड दाखवू, म्हणून तो घराकडं फिरकलाच नव्हता.

"लई वंगाळ झालं बघा साहेब," तो डोळे पुसत म्हणाला. "तिच्याबिगर आमचं काय चालत न्हाय. म्हस सुद्धा दुसऱ्या कुणाला कासंला हात लावू देत न्हाय. आता तिचं तरी काय करायचं?"

अण्णांना म्हशीत रस नव्हता. त्यांचा संशय अध्यक्षांच्या नवऱ्यावर होता. तो प्राथमिक शाळेत शिक्षक. त्याची मोटारसायकल काल दिवसभर गावात नव्हती म्हणे. अपहरणाचं कलम लावा आणि आत्ताच्या आत्ता आत घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. वरूनही फोन आला. सर्कल साहेब, म्हणजे आमचे वरचे इन्स्पेक्टर, म्हणाले, "सभा उद्या दुपारी आहे. त्याच्या आत काय तो निकाल लावा."

आता यात मेख काय होती बघा. सरकारी शिक्षकाला अपहरणात अटक झाली की तो निलंबित. नवऱ्याची नोकरी गेली की ती मुलगी त्याच दिवशी राजीनामा लिहून देणार. आक्का सापडो न सापडो, सरकार पडणारच. म्हणून मी बेपत्ता म्हणून तक्रार नोंदवली आणि अपहरणाचं कलम हातचं राखून ठेवलं. उद्या दुपारपर्यंत बाई मिळाली नसती, तर मलाही ते लावावं लागलं असतं.

शिक्षकाला बोलावलं. पोरगा घामानं भिजलेला.

"काल कुठं होता?"

त्यानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"सर, मोटारसायकल कोल्हापूरकडं जाताना टोलच्या कॅमेऱ्यात दिसलीय," हवालदार म्हणाला. हा मूळचा गोकाकचा, कामाला चोख, फक्त बढाई फार.

"मास्तर, शाळेत तुम्ही ताप आलाय म्हणून सांगितलंय. तापात माणूस कोल्हापूरला जातो?"

तो हळूच म्हणाला, "साडी आणाय गेलतो, सर."

"कुणाला?"

"मिसेसला. उद्या सरकार पडंल, मग ती रडंल. म्हटलं, घरात एक तरी चांगली गोष्ट असावी." त्यानं पिशवीतून साडी काढून टेबलावर ठेवली. जांभळी, बारीक काठाची. हवालदारानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मला त्या पोराचा एवढा लळा लागला की काय सांगू! पण साडी म्हणजे काही पुरावा नव्हे. त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि आम्ही आक्कांच्या घराकडं निघालो.

घरातलं माणूस हरवलं की त्या घराची एक कळा असते. चूल गार, दार सताड उघडं, शेजारणी पायरीवर, आणि पोलिसाची गाडी दिसली की सगळे एकदम उठतात. इथं काय दिसलं? सासूबाई दारात बसून लसूण सोलत होत्या. शेजारीण एकही नाही. चुलीवर काहीतरी रटरटत होतं आणि त्याचा वासही झकास सुटला होता.

"आई, सून हरवलीय ना तुमची?"

"व्हय की. हरवली म्हणत्यात बाबा." मान वर न करता उत्तर. "च्या घेशीला?"

मी चहाला कधी नाही म्हणत नाही. आला तो चहा असा दाट, दुधाळ, वर सायीचा तवंग! दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला थांबलो.

"दूध कुठलं, आई?"

"घरचंच. सकाळचं."

"धार कुणी काढली?"

"मी."

"म्हैस तुम्हाला हात लावू देते?"

"न देऊन सांगती कुणाला? मी तिच्या मालकिणीची सासू हाय!"

हवालदाराला राहवलं नाही. आमच्या घरी दहा म्हशी होत्या, मी आत्ता बघतो, म्हणत तो गोठ्यात शिरला. पुढच्याच क्षणी "अय्यय्यो सर!" अशी आरोळी आली. बाहेर येऊन बघतो तर हवालदार शेणात बसलेला, टोपी वैरणीत, आणि म्हैस शांतपणे रवंथ करतेय. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत नव्हत्या, हे मी शपथेवर सांगतो.

मी मूळचा कंग्राळीचा, शेतकऱ्याच्या घरचा. आमचीही म्हैस तसलीच होती. आई माहेरी गेली की वडील तिचं लुगडं पांघरून धारेला बसायचे, तरी म्हैस वास घेऊन लाथ झाडायची. अशी म्हैस सासूला पान्हा सोडत नाही. दूध सकाळचं होतं, म्हणजे आक्का सकाळी याच गोठ्यात होत्या. आणि सकाळी आल्या असतील तर संध्याकाळी येणारच, कारण म्हैस तुंबून राहिली तर तिला त्रास होतो, आणि तो त्रास आक्कांच्याने बघवणार नाही.

चहा संपवला, नमस्कार केला, निघालो.

धारेच्या वेळेला जीप शाळेजवळ ठेवली, महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेतलं आणि चालत जाऊन गोठ्यामागं वैरणीच्या गंजीआड उभा राहिलो. म्हैस रेकायला लागली. थोड्या वेळानं शेजारच्या परसातली फळी सरकली आणि त्यातून आक्का आत आल्या. पदर खोचलेला, हातात बादली. "आलो गं बाई, आलो. वरडू नगंस, साऱ्या गावाला सांगतीस काय?" असं म्हणत त्या बसल्या आणि बादलीत धार वाजू लागली.

धारेला बसलेल्या बाईला मध्ये उठवू नये, एवढं मला कळतं. बादली भरली, मग पुढं झालो.

आक्का दचकल्या, पण पळाल्या नाहीत. "साहेब, आधी म्हशीला पेंड घालू द्या, मग कुठं न्यायचं तिथं न्या."

"कुठं नेत नाही. फक्त विचारतो. कुणी पळवलं तुम्हाला?"

"मला कोण पळवतंय? गाडी च्याला थांबली, समोर एसटी उभी हुती, बसलो आनि आलो."

"का पण?"

त्यांनी बादलीवर फडकं टाकलं. "धार चुकवून कसं चालंल? गाडीतली म्हणाली, धार तुमची सून काढंल, तर मला सूनच न्हाय! आनि दुसरं असं, साहेब, गाडीत सगळी गाणी म्हणत हुती, नाचत हुती. मी अण्णाला विचारलं, त्या पोरीनं चूक काय केलीया? का पाडायची तिला? तर म्हणाला, 'आक्का, तुम्ही समुद्र बघा.' पुन्यांदा विचारलं, तर पुन्यांदा त्येच. माझ्या हातावर ह्येंचा जीव, आनि मला एवढं सांगाय येत न्हाय? घरी राहिलो असतो तर परत उचलून नेलं असतं. म्हणून शेजारी लपलो. ही कल्पना आमच्या आत्तीची."

आत्ती म्हणजे सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुमचं तर दोघींचं रोज भांडण," मी म्हणालो.

"मग? भांडाय मला हीच लागती," म्हातारी कडाडली. "अण्णाच्या गाडीत बसवून भांडू काय हिच्यासंगट?"

गावात दोन गटांची युती झाली, ती सगळ्यांना दिसली. या घरात झालेली युती मात्र कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

"मग उद्या सभेत काय करणार?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. "नको, सांगू नका. तो माझा प्रश्न नाही."

"मलाच अजून ठाऊक न्हाय. सभेत ऐकतो, मग ठरवतो," आक्का म्हणाल्या.

महिला कॉन्स्टेबलसमोर जबाब घेतला. सज्ञान बाई, स्वखुशीनं, स्वतःच्या घरी. गुन्हा कसलाच नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद केली, सर्कल साहेबांना कळवलं. ते एवढे हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. बंदोबस्त म्हणून गोठ्याला दोन कॉन्स्टेबल दिले. शिक्षकाला म्हटलं, "मास्तर, घरी जा. साडी नेसायला सांगा उद्या." आणि नवऱ्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, "बायको सुखरूप आहे. कुठं ते उद्या कळेल." पहिला प्रश्न त्यानं विचारला, "जेवली का ती?" त्या क्षणी त्या माणसाला मी सगळं माफ केलं.

सभेला पंचायतीसमोर अख्खं गाव लोटलं. कुंपणावर माणसं, झाडावर माणसं. आक्का सासूच्या बरोबरीनं चालत आल्या तेव्हा शिट्ट्या पडल्या. अध्यक्ष जांभळी साडी नेसून बसली होती, चेहरा मात्र कागदासारखा पांढरा. प्रांतसाहेबांनी ठराव वाचला. सदस्यांना विश्वासात घेत नाहीत, एवढंच त्यात कारण. ठरावाच्या बाजूचे हात वर करा म्हणाले. भराभर हात वर झाले. एक कमी होता. सगळं गाव आक्कांकडं बघायला लागलं, आणि बंदोबस्त विसरून मीही.

आक्का उभ्या राहिल्या. "साहेब, एक इचारू? हिनं नेमकं काय चुकीचं केलंय? एक तरी सांगा."

अण्णांनी शेजाऱ्याकडं बघितलं, शेजाऱ्यानं छताकडं. जिलेबी वाढणारे दोघंही एकमेकांनी बोलावं म्हणून वाट बघत राहिले.

"न्हाय सांगता येत?" आक्का म्हणाल्या. "मग अण्णा, आता तुम्ही समुद्र बघा." आणि हात पदराखाली घेऊन त्या खाली बसल्या.

ठराव पडला. बाहेर जो गलका उठला, त्यात प्रांतसाहेबांचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. अध्यक्ष उठली ती थेट आक्कांच्या पायाशी वाकली. आक्कांनी तिला दंडाला धरून उभं केलं.

"पाया मागनं पड गं. आधी जनावराच्या डॉक्टरचं बघ, महिनाभर फिरकला न्हाय. चुकलीस तर हात माझाच हाय, वर करीन."

"व्हय, आक्का," ती म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. आक्का तोवर दाराबाहेर पडल्या होत्या. धारेची वेळ झाली होती.

त्या दिवसापासून माझी एक सवय बदलली. माणूस बेपत्ता झाला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, कुणी नेलं? मी त्याच्या आधी विचारू लागलो, या माणसाला स्वतःला कुठं असायचं होतं? त्या एका प्रश्नानं पुढं कितीतरी माणसं लवकर सापडली. आक्कांना गाडीत बसवणाऱ्यांनी तेवढं विचारलं असतं, तर कदाचित त्यांचा ठराव पासही झाला असता.

निवृत्त होऊन मी कंग्राळीला परतलो. मागच्या उन्हाळ्यात आक्कांचा फोन आला. मागं लाटांचा आवाज आणि म्हातारीची बडबड.

"साहेब, मालवणला आलोय! आत्ती आनि मी. लई मोठा हाय हो समुद्र!"

मला आनंद झालाच, पण पोलिसाची सवय. "आक्का, मग धार कोण काढतंय?"

"आमचं मालक काढत्यात की," आक्का खदखदून हसल्या. "माझी साडी पांघरून!"